माइकआप्पांचा आवाज

माइक हातात आला की आप्पांना तहानभूक राहायची नाही. शिरूरपासून दौंडपर्यंत टेनिस बॉलची कुठलीही स्पर्धा असो, समालोचन माइकआप्पांचंच. षटकार बसला की ओरडायचे, "गेला गेला गेला, निमोण्याच्या उसात गेला! आता कोल्ह्याला इचारा!" आणि सामना गावातच असला तर खेळ चालू असतानाच घरी काकींना, म्हणजे बायकोला, निरोप सोडायचे, "घरच्यांनी ऐकावं, दोन पाव्हणं वाढलेत!" भोंगा घरापर्यंत ऐकू जायचा. काकी मुकाट पीठ वाढवायच्या.

दौंड स्टेशनजवळ माझं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. तिथल्या क्रिकेटच्या गेममधला इंग्रजी समालोचक आप्पांच्या डोक्यात जायचा. "ह्यो बोलतोय का रवंथ करतोय? मला बशीव त्याच्या जागी!" मग काय, फोडलं मी मशीनमधल्या गेमचं कुलूप आणि इंग्रजी आवाजाच्या जागी आप्पांचा बसवला! पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून आप्पा मागच्या खोलीत डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्डिंग करायचे. घामाघूम होऊन बाहेर यायचे, पण काय खुशीत असायचे!

आप्पा झोपेतच गेले. तेराव्यानंतर काकी दुकानात आल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. मग रोज दुपारी येऊ लागल्या. कुणी का खेळेना, आप्पा बोलायचे. एकदा मशीनमधून आवाज आला, "घरच्यांनी ऐकावं, दोन पाव्हणं वाढलेत!" खेळणारे हसले. काकी तडक घरी गेल्या. संध्याकाळी भांडगावची नणंद आणि तिचे यजमान न कळवता दारात हजर! ऐकून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. काकींना मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. "ते सांगत्यातच की," म्हणाल्या.

पुढे एकदा मशीन चुकून नेटला लागलं आणि पडद्यावर कंपनीची सूचना झळकली. मशीनमध्ये बेकायदा बदल आढळला आहे, पुन्हा नेट मिळताच मूळ गेम बसवला जाईल. माझं धाबं दणाणलं. मूळ रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क आधीच बंद पडली होती. आप्पा उरले होते ते फक्त त्या मशीनमध्ये. वकिलांकडे पळालो.

"मशीन तुझं, पण आतला प्रोग्रॅम कंपनीचा," वकील म्हणाले. "सुरुवातीला 'मान्य' दाबलंस ना? तेव्हाच त्यांना आत यायची परवानगी दिलीस. भांडायला गेलास तर केस तुझ्यावरच होईल."

"आन् आप्पांचा आवाज?"

"नेट लावू नकोस, बाबा." एवढंच म्हणाले.

मी वायर काढली, दुकानातलं वायफायही बंद केलं. काकींना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची मशीनजवळ ओढून घेतली.

परवा दुपारी आप्पा भलतेच रंगात होते. "उंच, लई उंच, खाली कोन हाय..." आणि मध्येच थांबले. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. त्याच सामन्यात तो इंग्रजी माणूस शांतपणे बोलू लागला. मशीननं आपोआप स्टेशनचं वायफाय धरलं असेल, असं पोरं म्हणतात. कुणाला ठाऊक!

काकी ताडकन उठल्या. घरात परका पुरुष शिरल्यावर घ्यावा तसा त्यांनी डोक्यावरून पदर पुढे ओढला. पडद्याकडे पाठ केली आणि हळूच मला विचारलं, "ह्यांना कुठं नेलं रं?"