आत्याने पिस्तूल निवडलं

आमच्या आत्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ऐन तरुणपणी कागद कापायच्या मशीनने नेलं. तरी तिने बाइंडिंगचं काम सोडलं नाही. उलट मालक थकल्यावर तो कारखानाच चालवायला घेतला. गल्लीत सगळेच तिला आत्या म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. मी तिच्या भावाची मुलगी, तिच्याकडेच शिलाईच्या टेबलावर काम करायचे.

समोर रंगाचं दुकान होतं. ती जागा एका ठेकेदाराला हवी होती आणि दुकानदार सोडत नव्हता. एका दुपारी ठेकेदार माणसं घेऊन आला आणि त्याने दुकानदाराला भर रस्त्यात लोखंडी सळईने मारलं. गल्लीतली शटरं धडाधड खाली आली. आमचं तेवढं उघडं राहिलं, कारण आत्या दारात उभी होती आणि हललीच नाही. दुकानदार वाचला नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा शिंपी आणि चहावाला म्हणाले, आमचं लक्ष नव्हतं. आत्या म्हणाली, माझं होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक मोटरसायकलवाला आमच्या दारासमोर येऊन बसू लागला. बोलायचा नाही, नुसता बघायचा. मग एका सकाळी शटरच्या फटीतून पेट्रोलचा वास आला. आत कागदाचे ढीग. काडी पडली असती तर काय झालं असतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तिला साक्ष मागे घ्यायला सांगून पाहिलं. आत्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन हत्याराच्या परवान्यासाठी अर्ज केला. साक्षीदार म्हणून तो मंजूरही झाला. अट एकच होती: अधिकाऱ्यासमोर हत्यार नीट हाताळून दाखवायचं.

आता घ्यायचं काय, यावरून घरात रणधुमाळी माजली. बाबांचं म्हणणं, छोटं रिव्हॉल्व्हर घे. चाप ओढला की गोळी सुटते, एखादी नाही सुटली तर पुन्हा ओढायचा, अडकायची भानगड नाही. पिस्तुलात गोळी चढवायला त्याची वरची स्लाइड मागे खेचावी लागते आणि त्याला दोन्ही हात धड लागतात. शेवटचं वाक्य बोलून ते स्वतःच ओशाळले. हत्यारांच्या दुकानदारानेही काचेवर छोटंसं रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि बायका हेच नेतात म्हणून सांगितलं. आत्याने ते हातात घेतलं, परत ठेवलं आणि विचारलं, "आधी चालवून बघायला कुठे मिळेल?"

गावाबाहेर नेमबाजीचं मैदान होतं. तिथले उस्ताद म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले, आवाज चढा पण माणूस मऊ. त्यांनी टेबलावर दोन्ही मांडली. मी मागे, कानाला ते आवाज अडवणारे मोठे टोप लावून उभी.

रिव्हॉल्व्हरची पाळी आधी. चाप इतका जड की ओढता ओढता नळी खाली झुकायची, आणि हत्यार हलकं म्हणून धक्का थेट मनगटात बसायचा. गोळ्या लक्ष्याच्या आजूबाजूला मातीत गेल्या. ते एकवेळ सरावाने सुधारलं असतं. खरी पंचाईत पुढेच होती. गोळ्यांच्या रिकाम्या चक्रात एकेक गोळी चिमटीने बसवायची, तर उजव्या हातात हत्यार आणि डाव्या हाताची मूठच अर्धी. गोळ्या खाली पडत. आत्या वाकून उचलायची, पुन्हा पडत. मला बघवेना.

मग पिस्तूल. स्लाइड हलली तर शपथ. दात-ओठ खाल्ले, चेहरा लाल झाला, तसूभर सरकेना. बाबा ऐकत असते तर म्हणाले असते, बघ, सांगत होतो. उस्तादांनी मात्र तिला थांबवलं.

"ताई, तुम्ही बोटांनी ओढताय. स्लाइडवर तळवा वरून घट्ट दाबा, हत्यार छातीजवळ आणा, नळी समोरच ठेवा, आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. जोर खांद्यातून येऊ दे."

आत्याने पाय रोवले आणि ढकललं. खटकन आवाज झाला आणि स्लाइड पार मागे गेली. तिने माझ्याकडे वळून पाहिलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

भरलेलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पट्टी, पिस्तुलाच्या मुठीत एकदा चपखल बसवलं की झालं, चिमटीचं काम नाही. मॅगझिन घरी निवांत भरता येतं. वजन जास्त, म्हणून धक्का कमी. जोखीमही उस्तादांनी लपवली नाही. पिस्तूल अडकतं, आणि अडकलं तर सोडवता आलंच पाहिजे. ते जमणार नसेल तर रिव्हॉल्व्हरच बरं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग ते मुद्दाम रिकामं काडतूस मध्ये घालून तिचं पिस्तूल अडकवू लागले. मॅगझिनला खालून थाप, स्लाइड मागे, पुन्हा नेम. संपूर्ण उन्हाळा आत्याच्या तळव्याला फोड होते. बाबा मलम आणून द्यायचे आणि वर रिव्हॉल्व्हरचं कौतुकही करायचे.

परीक्षेच्या दिवशी अधिकाऱ्याने तिचा हात पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. रिव्हॉल्व्हर का नाही, असं विचारलं. आत्या म्हणाली, "साहेब, हाताला जे मानवलं ते आणलंय. चालवून दाखवते."

सुरुवात झकास झाली. आणि मध्येच नुसता टक् असा आवाज आला. गोळी सुटलीच नाही. बाबांनी डोळे मिटले. आत्याने मात्र नळी जागची हलू दिली नाही. थाप, ढकल, खटका. खराब गोळी बाहेर उडाली आणि उरलेल्या गोळ्या एकापाठोपाठ एक काळ्या वर्तुळात गेल्या.

अधिकाऱ्याने लक्ष्याचा कागद हातात घेऊन त्यावरची भोकं मोजली. मग म्हणाला, "अडकलं नसतं तरी पास केलं असतं. आता प्रश्नच नाही." बाबांनी डोळे उघडले ते भरलेलेच होते.

साक्षीच्या दिवशी आत्या कमरेला पिस्तूल लावून गल्लीतून चालत निघाली. वर सैलसर कोट, आत काय आहे ते दिसत नव्हतं. पण गल्लीला कशाचा पत्ता लागत नाही? मोटरसायकलवाला त्या सकाळी फिरकला नाही. न्यायालयाच्या दारात हत्यार जमा करावं लागलं. तिने पावती घेतली आणि रिकाम्या हाताने आत गेली. ठेकेदार समोरच बसला होता. त्याच्या वकिलाने तिला उलटसुलट विचारून नाकी नऊ आणायचा प्रयत्न केला. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, मारणारा इथे आहे का? आत्याने डावा हात उचलला आणि त्याच्याकडे रोखला.

"हा. मी दारातच उभी होते. याने माझ्याकडे बघितलं होतं आणि मी याच्याकडे."

ठेकेदाराने मान खाली घातली.

बाहेर आलो तर पायऱ्यांवर शिंपी आणि चहावाला उभे होते. शिंप्याच्या हातात टोपी होती, ती तो नुसती गोल फिरवत होता. चहावाला म्हणाला, "आत्या, आमचंही लक्ष होतं. आत कुणाला सांगायचं?"

आत्याने दोघांना धरून आत नेलं. त्या संध्याकाळी गल्लीत एकही शटर लवकर पडलं नाही, आणि पुढे ठेकेदार जन्मठेपेला गेला. आत्याच्या पिस्तुलातून मैदानाबाहेर आजवर एकही गोळी सुटलेली नाही. बाबा अजूनही सगळ्यांना सांगतात की पिस्तूलच घे, असा सल्ला तिला त्यांनीच दिला होता.