माणशी एक पुडी

गल्लीत तिला सगळे घाईबाई म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. ती शाळेचे गणवेश शिवायची. मशीनवर बसली की वाटे, हिच्या पाठी कुणी काठी घेऊन लागलंय. लग्नात तर म्हणे चर्चमध्ये पाळकांचा प्रश्न पुरता व्हायच्या आतच तिने "हो" म्हणून टाकलं आणि अख्खी मंडळी खो खो हसली.

नवरा म्हणजे अगदी दुसरं टोक. तो एका छोट्या इस्पितळाच्या धान्यकोठीवर होता. त्याची एक रीत होती. आचाऱ्याला धान्य पोत्यानं द्यायचं नाही, पुड्या बांधून द्यायचं. एक मूठ, एक माणूस, एक पुडी. जितके रोगी तितक्या पुड्या, जुन्या वर्तमानपत्रात बांधून वर दोरा. आचारी बोटं मोडायचा, पण तिथं कुणी उपाशी राहिलं नाही आणि शीतही उकिरड्यावर गेलं नाही. हाच उद्योग तो घरीही करी. घरची पुडी तेवढी मोठी, दोन मुठींची, म्हणजे दोघांची.

"अहो, हे घर आहे, वॉर्ड नाही!" ती चिडायची.

"अगं, मोजून घेतलं की कळतं, देवानं किती दिलंय ते," तो म्हणायचा आणि सावकाश गाठ मारायचा. त्या गाठी पाहून तिच्या जिवाचा नुसता संताप व्हायचा.

त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. शेवटच्या महिन्यात अंथरुणात बसून त्याने तांदूळ, मसूर आणि मनुकांचे तीन डबे भरले, झाकणांना पट्टी चिकटवली आणि फडताळात लावून टाकले. ती शिवणावरून उठून आली तेव्हा म्हणाला, "भरून ठेवलंय, लागेल तसं काढ. पाऊस सरला की जरा फिरायला जाऊ." तिला वाटलं, गडी सुधारतोय. चौथ्या आठवड्यात तो गेला. ना निरोप, ना एक शब्द.

याच गोष्टीचा राग तिच्या मनात घर करून बसला होता. त्याला कळलं नाही, मला कळलं नाही, मग देवाला तरी सांगायला काय झालं होतं? जेवणाआधीची आभाराची प्रार्थना तिने त्या दिवसापासून सोडली. आणि ते तीन डबे? त्यांना ती हात लावत नव्हती. ते संपले की तो संपला, अशी तिची धारणा. पाव, चहा, शेजारच्या दुकानातली वाटीभर डाळ, यावर तिने दीड वर्ष काढलं.

नाताळच्या दिवशी त्याची थोरली बहीण जेवायला येई, हा शिरस्ता. या वर्षी घाईबाईने बाजाराला जायचं आज-उद्या करत टाळलं. सण अंगावर येत होता ना! शेवटी सणाच्या सकाळी पिशवी घेऊन निघाली, तर ख्रिस्ती वस्तीतल्या सगळ्या दुकानांना कुलपं. परत येते तो काय, वन्सं दारात! हातात काठी, तीन जिने चढून धापा टाकत होत्या.

"वहिनी, पाणी दे आधी. आणि भूक म्हणशील तर पोटात कावळे ओरडतायत."

घरात चार कांदे होते आणि मीठ. सत्तरीची बाई, तिन्ही जिने चढून आलेली. तिला कांदा-मीठ वाढायचं? घाईबाई फडताळापुढे उभी राहिली. पट्टीला नख लावलं आणि पुन्हा काढून घेतलं.

"उघड गं," वन्सं मागून म्हणाल्या. "भावाच्या घरचं खायला आलेय मी."

तिने पट्टी ओढली. तांदळाला तमालपत्राचा वास होता. किडा नाही, जाळं नाही, कालच बांधल्यासारख्या लख्ख पुड्या. वर तीच बारीक गाठ. तिने पुडी हातावर घेतली आणि थबकली. पुडी लहान होती.

"हात कापत असतील हो शेवटी," ती म्हणाली. "माप चुकलंय."

तिने दुसरी काढली. तीही तेवढीच. तिसरी, चौथी. मग मसुराचा डबा उघडला, मनुकांचा उघडला. सगळ्या पुड्या एकाच मापाच्या, एका मुठीच्या. एकही कमीजास्त नाही.

"त्याचं माप चुकलेलं मी जन्मात पाहिलं नाही," वन्सं हळूच म्हणाल्या.

घाईबाई खाली बसली. पुड्यांचा तो ढीग बघत राहिली. एक माणूस, एक पुडी. त्याला ठाऊक होतं! फिरायला जायच्या गप्पा तिच्याशी मारत होता, आणि ती मशीनवर असताना एकेक मूठ तिच्या एकटीसाठी मोजत होता. किती दुपारी बसला असेल? हातात त्राण नव्हतं त्याच्या, तरी गाठ एकसुद्धा सैल नव्हती. निरोप नाही, निरोप नाही म्हणून ती देवाशी भांडत होती आणि निरोप दीड वर्ष तिच्या डोक्याच्या उंचीवर ठेवलेला होता.

"वेडी मी," ती म्हणाली. "अहो वन्सं, ठार वेडी!" आणि ढसाढसा रडली.

मग उठली. तांदळाच्या दोन पुड्या, मसुराच्या दोन, मनुकांच्या दोन. कांदा परतून मसूर शिजवले, भात उतरवला, मनुका गरम पाण्यात फुगवल्या. झालं सणाचं ताट. वन्संनी घासाला हात घातला, तर तिने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. आधी आभार."

दीड वर्षात तोंडातून न आलेले शब्द. भाताची वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"प्रभू," ती म्हणाली, "तू त्यांना सांगितलं होतंस. आणि त्यांनी मला जेवायला सांगितलंय. तुझे उपकार. आमेन."

दोघी पोटभर जेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गणवेश बाजूला सारून ती उठली, फडताळ उघडलं, तांदळाची एक पुडी काढली आणि चुलीवर आधण ठेवलं.