काळी चार

"पेटीवाले दादाराव गेले," असा घाटनांदूरहून फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. फोन ठेवला आणि उरलेला लसूणही सोलून टाकला... या वयात रडायलासुद्धा अंगात बळ लागतं.

आमची भीमगीतांची गायन पार्टी. पुढे गाणारी मी, पेटीवर ते. तरुणपणी आमची एक कॅसेट निघाली आणि माझं डोकंच फिरलं. काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी, ही माझी गायची पट्टी. तिच्याखाली गाणाऱ्या बाईला मी तोंडावर विचारायचे, "कावून गं, आजारी हायस का?" आरशासमोर उभी राहून मुलाखती द्यायचे. घ्यायला कुणी येत नव्हतं, ते सोडा.

गेल्या वर्षी पार्टीतल्या पोरांनी तीच कॅसेट नव्या ठेक्यावर, रिमिक्स करून काढायचं ठरवलं. "आजीचा आवाज जुनाच घेऊ," असं कुजबुजलेलं मी ऐकलं. अजून जिती आहे ना मी... दादारावांना बजावलं, "गाईन तर काळी चारलाच. न्हाई जमलं तर गाणं बंद!"

"तुमी कुठं म्हाताऱ्या झालाव, अक्का? झालो तर मी झालो."

अंबाजोगाईच्या स्टुडिओत माझी नजर त्यांच्या बोटांवर. बोटं काळी चारवरच. वरचा सूर लागला! पोरं टाळ्या वाजवत एकमेकांकडे बघून हसली. मला वाटलं, कौतुक. परतताना जीपमध्ये लई मिरवले. दादाराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आवाज हाय तसाच हाय, अक्का."

त्यानंतर त्यांनी अंथरूणच धरलं. ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या बायकोने, सखूबाईने, पेटी माझ्यापुढे सरकवली. "तुमीच न्या. वाजवणारं न्हाई कुणी."

घरी झाकण उघडलं. या पेटीच्या सगळ्या पट्ट्या एकदम डावीकडे सरकवता येतात. बोटं जुन्याच जागी, सूर मात्र खालचा. त्या दोन घरं सरकवलेल्या होत्या...

सखूबाईला फोन लावला. "आत्ता कळलं व्हय तुमाला?" ती म्हणाली. "मला म्हनले व्हते, अक्काला सांगू नको, गाणं सोडतील त्या."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून. भांडायचं होतं. कुणाशी भांडू?

नातू पट्ट्या जागेवर आणायला बघतो, मी त्याच्या हातावर चापट मारते. दुपारी घर रिकामं झालं की भाता हलवते, काळी चारवर बोट ठेवते. दम लागतो, पण वरचा सूर लागतो. मग पेटीलाच सांगते, "आवाज हाय तसाच हाय, दादाराव."