लिंबाचा केक आणि इंग्रजाचं स्वातंत्र्य

लिंबाच्या केकचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. २०१६ साल, ब्रेक्झिटचा निकाल लागला ती सकाळ. डेल्फ्टच्या आमच्या ऑफिसात ज्याला आनंद झाला त्यानेच केक आणायचा, ही इथली पद्धत. त्या दिवशी तो आणला टीममधल्या इंग्रजाने. दहा वर्षं हॉलंडात राहून, डच बायको करून, यानेही बाहेर पडायलाच मत दिलं होतं. डच सहकारी छोटे छोटे तुकडे घेऊन आपापल्या टेबलाकडे वळले. सगळ्यात मोठा तुकडा माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "तुला तरी कळेल. तुम्हीही स्वतंत्र झालातच की!" "झालो ना," मी म्हटलं, "तुमच्यापासून." केकला मी हात लावला नाही, नंतर वर्षभर आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. गेल्या महिन्यात, युरोपियन युनियनबाहेरच्या लोकांना इथे लागणाऱ्या रेसिडेन्स कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला गेले, तर शेजारच्या काउंटरवर तोच! मशीन त्याचा अंगठा काही केल्या घेईना, आणि तो घामाघूम. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला सवय असेल. काय करायचं असतं?" मी म्हटलं, "हात पूस. केक लागला असेल."