मुकुटबनच्या पुढे, एका दगडाच्या दोन कड्यांकडे

दारव्ह्याच्या, उमरखेडच्या, वणीच्या, पार झरीच्या टोकावरच्या माझ्या वाचकांनो, एक प्रसंग आपण सगळ्यांनी भोगलेला आहे. बाहेरगावी कुणी विचारतं, कुठले तुम्ही? आपण म्हणतो, यवतमाळ. समोरच्याचा चेहरा पडतो, जणू आपण घरातल्या कुणाच्या जाण्याची बातमी दिली. मग आवाज हळू करून तो विचारतो, "तिकडे बघण्यासारखं काय आहे हो?" मला राग त्याचा येत नाही. आपणही मान खाली घालून सांगतो, "काही नाही, वाघ आहेत थोडेफार," त्याचा येतो.

आपल्याकडून सागवान जातं, कोळसा जातो, दगड जातो, शिकलेली पोरं जातात. दुसरीकडे पोचलं की हेच सगळं बघण्यासारखं होतं. तिकीट काढून आपणच ते बघायला जातो.

म्हणून वर्षा राठोडचा फोन आला तेव्हा मी पिशवी भरली. वर्षा मुकुटबनच्या पुढच्या एका बंजारा तांड्याची. पुण्यात एका जपानी कंपनीच्या कचेरीत दुभाषी होती, आता गावी परतली आहे. वाचनालयातल्या माझ्या भाषणांना येते आणि नंतर वाद घालते, म्हणून आवडते. ती म्हणाली, "ताई, उद्या क्रेन येऊन राह्यली. तोमोचं कडं घेऊन चालले थे लोक. तुमी या. तुमचा आवाज मोठा आहे."

तोमो कोण, ते सांगते. जपानचा दगडशिल्पी, साठीचा, सडसडीत, कानाला पेन्सिल लावून फिरणारा. त्याचं सगळं काम गणितातल्या आकारांवर चालतं. झरीकडे रस्त्याचं खोदकाम होताना निघालेल्या षटकोनी दगडी खांबांचा फोटो त्याने पाहिला आणि हा काळा दगड हाताळायचा म्हणून इतक्या लांब आला. त्याचा प्रवास, हत्यारं, जनरेटर यांचा खर्च शहरातल्या एका कला-संस्थेने केला. शिल्प शेवटी कुठे राहील, हे तेव्हा कुणी बोललंच नाही. तांड्याच्या कडेला पडलेल्या एका मोठ्या शिळेतून त्याने माणसाच्या छातीइतकं उंच कडं कोरलं, आणि ते आकाराला आल्यावर संस्थेला ते आपल्या हिरवळीवर हवंसं झालं.

दारव्ह्याहून यवतमाळ आणि तिथून पांढरकवडा, एवढा प्रवास एसटीने सुखाचा होतो. पुढे झरी, मुकुटबनसाठी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही. घाई असेल तर रिकाम्या सीटचे पैसे द्या, नाहीतर शेंगदाणे घेऊन बसा. मी शेंगदाणे घेतले. हिवाळ्यात जाणं उत्तम. दोन्हीकडे कापूस फुटलेला असतो आणि तुरीला शेंगा धरलेल्या असतात. झरीच्या अलीकडे रस्त्याची अवस्था अशी आहे की खिडकीकडे बसलात तर डोक्याला रुमाल गुंडाळा.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "काहून वो ताई, त्या दगडवाल्याले भेटायले चालल्या का?"

"हो. तुम्ही पाहिलंय का त्याचं काम?"

"पाह्यलं ना. दगडाचा मेदूवडा करून राह्यला थो."

त्यांनी थट्टा केली, पण चुकीचं सांगितलं नव्हतं. मुकुटबनच्या स्टँडवर वर्षा आणि तोमो माझी वाट बघत होते, ते एका हॉटेलात मेदूवड्याच्या प्लेटीपुढेच. तेलंगण इथून जवळ, त्यामुळे वडा चांगला मिळतो आणि चटणीत हात आखडत नाहीत. मी विचारलं, कड्याचं गणित काय? तोमोने वडा उचलला आणि सुरी मागितली.

कडं सरळ आडवं कापलं, तर दोन बांगड्या सुट्या होतात. पण सुरी कड्यासोबत गोल फिरवताना पातंही हळूहळू वळवत नेलं आणि फेरी संपेपर्यंत त्याचा एक पूर्ण पीळ झाला, तर दोन कडी निघतात ती एकमेकांत अडकलेली. कुठे सांधा नाही, पण सोडवायची म्हटली तर जन्मात सुटायची नाहीत. तोमोने हे करून दाखवायला घेतलं आणि वड्याचा चुरा झाला. दुसऱ्याचाही झाला. हॉटेलवाल्याने आतून सकाळचा वडा आणून दिला. "ताजा नाई ऐकत, साहेब. हा घ्या शिळा." शिळ्या वड्याची दोन कडी झाली, एकमेकांत गुंतलेली. तोमोने ती बोटावर लटकवून साऱ्या हॉटेलाला दाखवली आणि खाऊन टाकली.

त्याच्या दगडी कड्याला हा पीळदार काप अजून बसायचा होता. कापासाठी पाडायच्या भोकांची खूण खडूने झालेली, पण ड्रिल लावलेलं नव्हतं. "संस्थेवाले म्हणतात, आहे तसं द्या, काप आमच्याकडे येऊन पाहुण्यांसमोर घाला," वर्षाने सांगितलं. मी तोमोला विचारलं, तुझं काय म्हणणं? तो बराच वेळ बोलला. वर्षाने मराठीत आणलं ते एवढंच: "थो म्हणते, कुठं बी ठेवायचा असता त दगड माझ्या गावीच मागवला असता. इथं ठेवायचा म्हणून इथं आलो. काप घातल्याबिगर थे नुसतं भोक हाय."

तांड्यात लॉज नाही. मी वर्षाच्या घरी राहिले. तुम्हाला वणीला राहून सकाळी येता येईल. जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या सोल्यांची, म्हणजे हिरव्या दाण्यांची, आमटी आणि ठेचा होता. तोमो ठेच्याला हात लावत नाही. पहिल्या दिवशी लावला होता म्हणे.

सकाळी क्रेन आली. मागोमाग एका पांढऱ्या गाडीतून संस्थेचे व्यवस्थापक उतरले. सगळे कड्यापाशी गेलो आणि थबकलो. कड्याच्या माथ्यावर, तोमोच्या खडूच्या खुणांवरच, तेलात कालवलेला शेंदूर थापलेला होता. खाली दोन उदबत्त्या आणि एक नारळ.

क्रेनचा ड्रायव्हर उमरखेडकडचा. त्याने आधी चपला काढल्या. मग क्रेनची चावी काढून खिशात घातली.

"हे काय?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"देव हाय, साहेब. मी नाई उचलत."

"अरे, काल रात्रीपर्यंत दगड होता."

"मंग काल रात्रीच बोलवायचं होतं मले."

व्यवस्थापक माझ्याकडे वळले. मी शिकलेली दिसत असावे. "मॅडम, तुम्हीच समजवा. इतकं सुंदर काम, इथे कोण बघणार? म्हशी?"

मी तोंड उघडायच्या आत तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, पागोटं बांधलेले शांत गृहस्थ, म्हणाले, "म्हशीले बी डोळे हायेत, साहेब. तुमच्या हिरवळीवर त म्हशी बी येऊ देत नसान."

क्रेन रिकामी परतली. लोक हसत होते. मी हसू शकत नव्हते. आयुष्यभर मी चौकाचौकात उभी राहून सांगत आले की दगडाला शेंदूर फासू नका, फासल्याने विचार थांबतो. आणि आज मला हवं होतं तेच शेंदराने करून दाखवलं होतं.

शेंदूर कुणी लावला, हे तांड्यात कुणाला विचारावं लागत नव्हतं. धानी याडीची बोटं अजून लाल होती. याडी म्हणजे आई. सत्तरी ओलांडलेल्या धानीबाईंना सगळा तांडा तसंच म्हणतो. त्या ओसरीवर बसून तूर निवडत होत्या.

"याडी, हा देव कोणता?" मी विचारलं.

"मले काय माईत?"

"मग शेंदूर कशाला लावला?"

"मले माईत नाई, पण क्रेनवाल्याले माईत हाय ना." त्यांनी सुपातला खडा वेचून फेकला. "आमचं जे बी चांगलं निघते, थे गाडीत बसून जाते. माहे दोन्ही लेकं गेले. मंग म्हटलं, हे नाई जाऊ देत."

मी माझ्या भाषणांत हे इतक्या वर्षांत इतकं नीट मांडलेलं नाही.

पण शेंदूर ज्याने लावला त्याच्या ताब्यात राहत नाही. दुपारपर्यंत शेजारच्या गावातून माणसं नारळ घेऊन आली. तोमो ड्रिल घेऊन उभा राहिला तसे चार जण आडवे आले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्यांच्या रीतीने: देवाला तडा गेला की तो खंडित, आणि खंडिताला कुणी पुजत नाही. धानी याडी म्हणाल्या, मीच लावला, मीच सांगते, कापा. कुणी ऐकेना. तोमोने ड्रिल खाली ठेवलं आणि कड्याकडे पाठ करून बसला. त्याच्या परतीचं तिकीट काढलेलं होतं. कडं वाचलं होतं, पण कायमचं नुसतं भोक राहणार होतं.

सायंकाळी नायकांनी सगळ्यांना बोलावलं. मी उभी राहून बोलायला लागले तर म्हणाले, "ताई, तुमी बसा. तुमचं बोलणं चांगलं हाय, पण लांब हाय." मी बसले.

त्यांनी तोमोला मुकुटबनहून आणलेला शिळा वडा पुन्हा कापायला लावला. गुंतलेली कडी हातात घेऊन आडवे आलेल्यांपुढे धरली. "आपले आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ न् धान वाहत. गोण कशी राहे? अर्धी इकडं, अर्धी तिकडं. दोन दिसे, पण गोण एकच. एक बाजू उतरवली त दुसरी बी पडे. त्याले कोणी फाटली गोण म्हणे का?" मग वड्याची कडी ओढून दाखवली. "हे बी तसंच. मोडते थे, जे अलग होते. हे अलग कर, मंग मी कापू देत नाई."

आडव्या आलेल्यांपैकी एकाने कडी हातात घेतली, फिरवून पाहिली, जोर लावला. वडा तुटला.

"थो वडा हाय," नायक म्हणाले. "दगडाले लाव जोर."

लोक हसले आणि ठरलं.

दुसऱ्या दिवशी ड्रिल सुरू झालं. पिळाच्या रेषेवर भोकाला भोक लागत गेलं. ड्रिल थंड ठेवायला सतत पाणी सोडावं लागतं. तेलातला शेंदूर सहजी जात नाही, पण दगडाच्या करड्या चिखलात तोही हळूहळू उतरला आणि नालीला लागला. दुपारी मी वर्षासोबत षटकोनी खांब पाहून आले. एकाला एक चिकटून उभे, मधमाशीच्या पोळ्यासारखे; लाव्हा निवताना असे तडकतात. जवळच एक ट्रॅक्टर गिट्टी भरत होता. वर्षा म्हणाली, "तोमोच्या देशात याच्याभोवती कुंपण घालून तिकीट लावतात." ट्रॅक्टरवाल्याने ऐकलं. "मंग तिकडचं कुंपणच पाठवून द्या म्हणा," तो म्हणाला आणि निघून गेला.

उन्हं कलताना तोमोने भोकांत लोखंडी पाचरी बसवल्या आणि एकेकीवर हातोडा मारत तो कड्याभोवती फिरू लागला. आधी प्रत्येक घाव खणखणत होता. एका घावाला आवाज बसका आला. दगड सुटला हे कुणी सांगायची गरज नव्हती. चेनपुल्लीची साखळी ओढायला कालचे आडवे आलेलेच पुढे झाले. एक कडं हललं, तिरकं झालं, वर उचललं गेलं. दुसरं त्यातून ओवलेलंच होतं. दोघांच्या मधून पलीकडचं तुरीचं शेत दिसलं.

ज्याने वडा तोडला होता, त्याने दोन्ही हातांनी वरचं कडं धरून ओढलं. मग सोडलं आणि दगडावर थाप मारली. "नाई होत बाप्पा अलग."

मी धानी याडींना विचारलं, शेंदूर पुन्हा लावणार का? त्यांनी मान हलवली. "एकदा लावला त देव. दोनदा लावला त नाटक."

आता दारव्ह्यात माझ्या खोलीत हे लिहिते आहे. माझं मत बदललेलं नाही. दगडाला शेंदूर लावू नये, असं मी उद्याही चौकात सांगेन. पण शेंदूर लागेपर्यंत त्या बाईच्या बाजूने उभं राहायला दुसरं कुणीच नव्हतं, हेही आता सांगावं लागेल. तोमो परत गेला. जाताना कानावरची पेन्सिल वर्षाला देऊन गेला. कडी तिथेच आहेत, मुलं त्यांतून ये-जा करतात, आणि आता त्यांच्यावर कसलाही रंग नाही.

वर्षाचा काल फोन आला. येत्या रविवारी सकाळी संस्था परत येते आहे, या वेळी क्रेन आणि ड्रायव्हर दोन्ही बाहेरचे. त्याला चपला काढाव्या लागणार नाहीत.

त्या सकाळी तिथे शेंदराच्या जागी माणसं हवीत. म्हणून वाचकहो, रविवारी उजाडायच्या आत मुकुटबनच्या स्टँडवर उतरा, तांड्यावर चालत या, आणि क्रेन येईल तेव्हा त्या कड्यांतून आपला हात घालून माझ्या शेजारी उभे राहा.