विहिरींचे आकडे आणि संगणकाचा पंखा

मंगळवारी सकाळी माझी बायको चहा गाळताना खाली बसली. दुपारी दीड वाजता दवाखान्यात डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं.

दहावा व्हायच्या आतच तिचे मार्गदर्शक भेटायला आले. ती परभणीतल्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची आणि बाहेरगावच्या या सरांच्या हाताखाली गंगाखेड-सोनपेठकडच्या विहिरींवर प्रबंध करत होती. सर दहा मिनिटं बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मॅडमच्या फ्लॉप्या कुठं असतात हो? एवढं काम वाया जायला नको." मी कपाटातून डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्या दिवसांत कुणी घराची किल्ली मागितली असती तरी मी दिली असती.

टेबलावर तिच्या भावानं हैदराबादहून पाठवलेला जुना संगणक होता. सरांनी तोही चालू करून पाहिला. आतला पंखा दाणे भरडल्यासारखा खरखरायला लागला. त्यांनी घाईनं बटण बंद केलं. "हे भंगार राहू द्या तुमच्याकडंच," असं म्हणून ते हसले. सुतकाच्या घरात ते हसले, हे मी विसरलो नाही.

काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. विहिरींवर त्यांची पुस्तिका निघणार होती आणि त्याआधी परभणीतच एका चर्चासत्रात ते त्या कामावर बोलणार होते. लेखक म्हणून त्यांचं एकट्याचं नाव होतं. खाली शाईच्या पेनानं लिहिलं होतं, 'आभारात मॅडमचं नाव पहिलं घेतलं आहे.'

मी एसटीडीच्या दुकानातून फोन केला. म्हणालो, "सर, काम तिचं आहे."

"अहो, नावाचं एवढं काय घेऊन बसलात? काम लोकांपुढं आलं म्हणजे झालं."

विद्यापीठाच्या एका नावासाठी आमच्या मराठवाड्यात माणसं मेली होती, वस्त्या जळाल्या होत्या, बंद अजून होत होते. आणि नावाचं काय घेऊन बसलात, असं हा माणूस मला विचारत होता.

मी शाळेचं ग्रंथालय सांभाळतो. पुस्तकांना खाकी कव्हरं घालण्यात माझी उमर गेली. तोवर मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सरांचं वाईट चिंतू लागलो, अंघोळ करावी तसं रोज, नेमानं.

मला एक गोष्ट ठाऊक होती. सरांनी नेलेले आकडे चुकीचे होते.

आमच्याकडं विहिरीची खोली परसात सांगतात. परस म्हणजे पुरुष, माणसाच्या अंगावरून धरलेलं माप. बायकोनं सुरुवातीला लोकांनी सांगितलेले परस लिहून घेतले आणि सगळीकडं परसाला सहा फूट धरले. मग सोनपेठजवळच्या एका गावात विहिरीवरच्या म्हाताऱ्यानं तिला हसून विचारलं, "बाई, तुमचा परस आडवा का उभा?" तिला कळेना. त्यानं दोन्ही हात बाजूला पसरले. "ह्यो आडवा." मग एक हात डोक्यावर ताठ धरला. "ह्यो उभा. आमी उभा धरतो. ह्यो लांब असतो." परत येताना एसटीत ती वहीतल्या एकेका परसापुढं प्रश्नचिन्ह करत गेली. पुढचे सगळे रविवार आम्ही त्याच विहिरींवर पुन्हा गेलो. ती टेपला दगड बांधून आत सोडायची, मी कठड्यावर दुसरं टोक धरून उभा राहायचो. हे नवे आकडे फक्त त्या संगणकात होते. फ्लॉप्या त्याच्या आधीच्या होत्या.

मी संगणक चालू केला. खरखर सुरू झाली. दहा मिनिटांत संगणकाचा डबा तापला आणि पडदा होता तसा गोठला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग डबा चादरीत बांधून रिक्षानं स्टेशनरोडच्या रेडिओवाल्या चाचांकडं नेला.

चाचांनी कान लावून ऐकलं. "मास्तर, पंख्याचं बुश गेलंय, दांडा घासायलाय. दोन थेंब तेल सोडतो, पण लय दिवस टिकायचं न्हाई."

ते चार दिवस टिकलं. तेवढ्यात मला तिच्या फायली जेमतेम सापडल्या. पाचव्या दिवशी खरखर पुन्हा सुरू झाली. मी परत गेलो.

"मी सांगितलंच व्हतं. नवा पंखा हैदराबादहून मागवावा लागल. तवर ह्याला हात लावू नका. पंखा थांबला तर आत सगळं भाजून निघल."

पंखा यायला तीन आठवडे लागले. चर्चासत्राला आठच दिवस उरले होते. चाचांनी चार स्क्रू काढून जुना पंखा बाहेर ओढला. पात्यांवर काळ्या मातीची धूळ बसली होती आणि मधल्या दांड्याला एक लांब केस गुंडाळलेला होता. चाचांनी तो चिमट्यानं ओढून काढला आणि झटकून टाकला. मी बघत होतो. तो तिचाच केस होता. त्या क्षणी मी मात्र चर्चासत्रात सरांचा चेहरा कसा होईल, याचा विचार करत होतो. त्याची लाज मला फार नंतर वाटली.

नवा पंखा बसवून चाचांनी विडी पेटवली आणि धूर पंख्यासमोर सोडला. धूर डब्यात शिरला.

"उलटा बसला की वो! हवा भाईर फेकायची सोडून आत घ्यायलाय. मास्तर, तुमी असं टक लावून बघायलाव, माझा हात चुकायलाय."

त्यांनी पंखा फिरवून बसवला. आता धूर मागं उडाला. आवाज इतका कमी झाला की दुकानातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. घरी संगणक दोन तास चालला. शेजारच्या टायपिंगवाल्याचा प्रिंटर आणून मी सगळी पानं छापली. प्रत्येक पानाखाली तिनं मोजणीची तारीख टाकली होती.

चर्चासत्रात मी शेवटच्या ओळीत बसलो. सरांचं बोलणं संपल्यावर हात वर केला.

"परस किती फुटांचा धरला, सर?"

"सहा. सगळीकडं सहाच असतो."

सोनपेठकडचे एक शिक्षक बसल्या जागेवरून म्हणाले, "आमच्याकडं सातला भिडतो, सर. तुमच्या हिशेबानं आमच्या विहिरी लय उथळ झाल्या की!"

लोक हसले. सरांनी चष्मा पुसला. "मोजणी माझी नाही," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या बायकोचं नाव घेतलं, पूर्ण नाव, माझ्या नावासकट आणि आडनावासकट. "माझ्या दिवंगत विद्यार्थिनीचं हे सगळं काम. चूक त्यांच्याकडून झालेली दिसते."

हेच ते म्हणतील, अशी माझी खात्री नव्हती. पण इच्छा होती.

मी उठलो. "सगळं काम तिचं होतं, हे आपण सर्वांसमोर सांगितलंत. तिनं ते दुरुस्तही केलं होतं. खाली तारखा आहेत." आणि पानं अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली.

"हे मला आधी का नाही दिलंत?" सर हळूच म्हणाले.

"भंगार होतं, सर."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? चहाच्या वेळी सर एकटेच उभे होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून माझा चहा सावकाश संपवला.

पुस्तिका निघाली नाही. प्रबंधही झाला नाही. मेलेल्या माणसाचा अर्ज घेता येत नाही, असं विद्यापीठातल्या कारकुनानं सांगितलं. विहिरींचे बरोबर आकडे माझ्या घरी आहेत. ते अजून कुणी मागितलेले नाहीत.