पितळी डोक्याची कुबडी

"माह्या भावाचा हात गेला हो! थ्रेशरमधी!" बायको फोन हातात धरूनच ओरडली.

फुलसावंगीला सोयाबीन काढताना माझ्या मेहुण्याचा डावा हात मशीनमध्ये ओढला गेला होता. दवाखान्यात गेलो तर कोपरापर्यंत पट्ट्या. मी त्याच्या तोंडाकडेच पाहत राहिलो आणि पाच मिनिटांत बाहेर आलो. बाहेर येऊन उगाच कंपाउंडरवर खेकसलो. घाबरलो की मी असाच कुणावर तरी ओरडतो.

उमरखेडच्या आमच्या स्नूकर हॉलमध्ये या मेहुण्याला हरवलेला माणूस मी पाहिलेला नाही. दर रविवारी दुपारी तो एसटीने यायचा आणि मला, शाळेतल्या मास्तरला, सगळ्यांदेखत धुऊन काढायचा. या खेळात उजव्या हाताने स्टिक मारायची, पण ती सरकते डाव्या हाताच्या आधारावरून. डावा हातच गेला म्हटल्यावर खेळ संपला. तो हॉलला येईना, आमच्याकडेही येईना, बहिणीचा फोनसुद्धा धड उचलेना. कुठे दिसलाच तर हात दुपट्ट्यात गुंडाळलेला. त्या दुपट्ट्याकडे पाहायचं नाही, काही विचारायचं नाही, हे घरात न बोलताच ठरून गेलं.

दूरच्या बॉलपर्यंत हात पोचत नसला की एक दांडी लावतात. तिच्या टोकाला खाचा असलेलं डोकं असतं, त्यात स्टिक टेकवून मारायचं. दुकानदार तिला रेस्ट म्हणतात, आमच्या हॉलमध्ये तिचं नाव कुबडी. कुणी कुबडी मागितली की त्याची टिंगल ठरलेली.

मी मनाशी ठरवलं, मेहुण्याला हिच्या जोरावर परत टेबलाशी आणायचं. नागपूरच्या एका दुकानदाराचा दीड महिना जीव खाल्ला. प्लास्टिकचं डोकं हलकं, दुसऱ्या हाताने दाबून धरलं नाही तर घसरतं. उंच पायांचं डोकं मध्ये दुसरा बॉल आडवा आला तरच कामाचं. शेवटी पितळी घेतलं, जड आणि जागचं न हलणारं. दांडी मात्र फारच लांब होती, जवळच्या बॉलला निरुपयोगी, म्हणून सुताराकडून अर्धी कापून आणली. मग डावा हात खिशात घालून मी स्वतः आठ दिवस तिच्यावर खेळून पाहिलं. जमतं, अशी खात्री झाली.

बायकोने रडून-भांडून त्याला एका रविवारी हॉलला यायला लावलं. तो दारात दिसला तशा सगळ्यांनी नजरा टेबलाकडे वळवल्या. मला मात्र इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हणालो, "ये लेका! तुह्यासाठी खास कुबडी आणली!"

शब्द तोंडातून गेला. रोजचाच शब्द, दिवसातून दहादा म्हणायचो. पण तो कुणासमोर म्हणतोय, हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेजारच्या टेबलावरचा खेळही थांबला.

त्याने दुपट्टा सोडला.

तीन बोटं नव्हती. अंगठा होता. अंगठ्याशेजारचं बोट होतं, वाकडं झालेलं, पण होतं. त्याने भिंतीजवळची एक स्टिक उचलली, तो हात टेबलावर टेकवला, अंगठा वर केला आणि मधल्या खोबणीतून स्टिक सरकवली. लाल बॉल कोपऱ्यातल्या जाळीत पडला.

"अंगठा हाय तुले?" मी कसंबसं विचारलं.

"पयल्या दिवसापासून हाय, भाऊजी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही सारे हात गेला, हात गेला म्हणून रडून राह्यलते. पाहाले कोणी मांगतलाच नाही." तो खाली पाहत म्हणाला, "मंग मलेबी वाटलं, गेलाच असन."

मी पितळी डोकं हातात धरून उभा राहिलो. हात माझ्यासमोर होता, उघडा, आणि त्याच्याकडे नीट पाहायला मला तेव्हाही धीर होत नव्हता.